हृदयांतील छिद्र आणि तें बुजविणारी नळी

मी कांहीं वैद्य नाहीं. मॅट्रिक झाल्यावर शिक्षकाच्या पेशांत शिरलों आणि छत्तीस वर्षें खेड्यांतल्या मुलांस पाढे, व्याकरण व इतिहास शिकवून निवृत्त झालों. तेव्हां हृदयाच्या उपचारांविषयीं मीं बोलावें याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु ज्या बाबतींत आपल्या हातून एकदां चूक घडली, तिचा इतिहास निदान मागाहून तरी समजून घ्यावा, हें शिक्षकाचें कर्तव्यच आहे. आजचें भाषण त्या कर्तव्याच्या पोटीं आहे.

१९८६ सालची गोष्ट. माझ्या चौथीच्या वर्गांत एक चुणचुणीत मुलगा होता. शाळेंत वैद्यकीय तपासणी झाली तेव्हां डॉक्टरांनीं त्याच्या छातीला नळी लावली आणि ते थबकले. त्यांनीं ती नळी माझ्याहि कानांस लावून दिली. पाटाच्या फळीच्या फटींतून पाणी जोरानें निसटावें तसा आवाज त्या लहानशा छातींतून येत होता. “हृदयाच्या पडद्याला भोंक आहे, मोठ्या दवाखान्यांत दाखवा,” अशी चिठ्ठी लिहून डॉक्टर पुढच्या गांवीं गेले. आईबापांची ऐपत नव्हती. दाखविणें राहून गेलें. मीं मात्र त्या दिवसापासून त्या मुलास कवाइतीच्या व खोखोच्या वेळीं निंबाच्या झाडाखालीं बसविलें. तो धांवला कीं मी ओरडत असें. मुलें त्याला “भोंक्या” म्हणूं लागलीं. सातवी होऊन तो शाळा सोडून जाईपर्यंत, म्हणजे चार वर्षें, हा क्रम चालला.

पुढें २०११ सालीं तो मला भेटावयास आला. नोकरीच्या निमित्तानें त्याच्या हृदयाची यंत्रानें तपासणी झाली होती. भोंक केव्हांच आपोआप मिटून गेलें होतें. चहाचा पेला हातांत धरून त्यानें हंसत हंसतच विचारलें, “गुरुजी, मग मी झाडाखालीं कशाकरितां बसलों होतों?” मला उत्तर देतां आलें नाहीं. तें शोधतां शोधतां जें वाचनांत आलें, तें आज आपल्यापुढें ठेवतों.

प्रथम हृदयाची रचना पाहूं. हृदय म्हणजे दुमजली, चार खोल्यांचें घर आहे असें समजा. वर दोन खोल्या, खालीं दोन. उजव्या बाजूच्या खोल्यांत सर्व शरीरांतून परत आलेलें काळसर रक्त येतें व तें फुप्फुसांकडे धाडलें जातें. फुप्फुसांत शुद्ध होऊन तांबडें झालेलें रक्त डाव्या बाजूस येतें व तेथून तें सर्व शरीरभर जातें. दोन्ही बाजूंच्या मध्यें भिंत आहे. तिलाच पडदा म्हणतात. खालच्या डाव्या खोलीस रक्त पायांच्या बोटांपर्यंत ढकलावयाचें असतें, म्हणून तिच्यांतील दाब पाऱ्याच्या मापानें सुमारें १२० मिलिमीटर असतो. शेजारच्या उजव्या खोलीस रक्त जवळच्या फुप्फुसांपर्यंतच पोंचवावयाचें असतें, म्हणून तिचा दाब अवघा २५ च्या आसपास. आईच्या उदरांत पहिल्या कांहीं आठवड्यांतच ही भिंत बांधून होते. बांधकाम कोठें अपुरें राहिलें कीं तेथें छिद्र राहतें. जन्मतः हृदयांत दोष असलेलीं मुलें हजारीं सुमारें आठ जन्मास येतात आणि त्या दोषांत खालच्या दोन खोल्यांमधील हें छिद्र अगदीं नित्याचें आहे.

छिद्र असलें म्हणजे दाबाच्या फरकामुळें डावीकडचें शुद्ध रक्त उजवीकडे निसटतें आणि पुन्हां फुप्फुसांत जातें. छिद्र बारीक असेल तर निसटणारें रक्त थोडें, आणि हृदयास त्याची फारशी गणतीहि नसते. छिद्र मोठें असेल तर फुप्फुसांत जणूं पूर येतो. मूल दूध पितांना दमतें, घामाघूम होतें, अंग धरीत नाहीं. म्हणजे दोष एकच, पण त्याचीं फळें अगदीं निराळीं.

हा भेद पहिल्यानें स्पष्टपणें मांडला तो पॅरिसचे बालवैद्य आंरी रोझे यांनीं, १८७९ सालीं. त्या वेळीं क्ष-किरण नव्हते. वैद्याचें साधन म्हणजे त्याचा कान. रोझे यांनीं असें दाखविलें कीं, कित्येक मुलांच्या छातींत अतिशय कर्कश व लांबलचक आवाज ऐकूं येतो, पण तीं मुलें निळीं पडत नाहींत व दमतहि नाहींत. कारण छिद्र जितकें अरुंद, तितका त्यांतून जाणाऱ्या रक्ताचा झोत जोराचा आणि आवाजहि तितका मोठा. आपल्याकडे “उथळ पाण्याला खळखळाट फार” म्हणतात, तें येथें अक्षरशः लागू पडतें. माझा विद्यार्थी याच जातीचा होता. मी आवाजाला भ्यालों, आणि आवाज तर त्या छिद्राच्या लहानपणाचा पुरावा होता! रोझे यांच्या निबंधानंतर शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. परंतु त्या निबंधाचें ज्ञान आमच्या निंबाच्या झाडापर्यंत पोंचलें नव्हतें.

याची दुसरी बाजू १८९७ सालीं व्हिएन्नाच्या व्हिक्टर आयझेनमेंगर या वैद्यानें जगापुढें आणली. त्याच्याकडे बत्तीस वर्षांचा एक मनुष्य आला. तो लहानपणापासून निळसर दिसे. पुढें रक्ताची गुळणी येऊन तो मेला. शवाची तपासणी करतां खालच्या पडद्यांत मोठें छिद्र आढळलें. या प्रकाराचा उलगडा पुढें असा झाला कीं, मोठ्या छिद्रामुळें वर्षानुवर्षें फुप्फुसांत रक्ताचा लोंढा जात राहिला म्हणजे तेथील रक्तवाहिन्या जाड व ताठ होतात. मग फुप्फुसांकडचा दाब वाढत वाढत डाव्या बाजूच्या बरोबरीला येतो, आणि शेवटीं प्रवाह उलटा फिरून काळें रक्त शरीरांत जाऊं लागतें. ही अवस्था आली म्हणजे छिद्र बुजविणें हाच अपाय ठरतो. कारण कोंडलेल्या उजव्या बाजूस तेवढीच वाट उरलेली असते. आणि लक्षांत घ्या, दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाला कीं छिद्रांतून येणारा तो आवाजहि मावळतो.

हें वाचलें तेव्हां मला त्याच वर्गांतली एक मुलगी आठवली. ती कधीं धांवत नसे. पायऱ्या चढतांना मध्येंच बसे. थंडीच्या दिवसांत तिचे ओठ व नखें जांभळीं दिसत. त्या तपासणीच्या दिवशीं ती गैरहजर होती. वर्गांत कशी शांत बसावें याचा दाखला म्हणून मी तिच्याकडे बोट दाखवीत असें. पुढें कांहीं वर्षांनीं जिल्ह्याच्या ठिकाणीं तिच्या बापास सांगण्यांत आलें कीं, पडद्याला मोठें भोंक आहे, पण आतां फार उशीर झाला आहे. विसाव्या वर्षाच्या आंतच ती गेली. ज्याला बसवावयाचें कारण नव्हतें त्याला मीं बसविलें, आणि जी बसून राहत होती तिला मीं शाबासकी दिली. या दोन मुलांच्या मधलें अंतर ओळखणें, हाच या सर्व इतिहासाचा गाभा आहे.

आतां उपचाराकडे वळूं. एकोणिसाव्या शतकांत हृदयास हात लावणें शस्त्रवैद्य निषिद्धच मानीत. ती भीति मोडण्याच्या कामीं एका जर्मन तरुणानें विलक्षण साहस केलें. त्याचें नांव वेर्नर फॉर्समान. १९२९ सालीं तो बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे गांवच्या रुग्णालयांत उमेदवारी करीत होता. घोड्याच्या शिरेंतून हृदयांत नळी घातल्याचें चित्र त्यानें एका फ्रेंच ग्रंथांत पाहिलें होतें. मनुष्यांतहि हें करतां येईल असें त्यास वाटे. वरिष्ठांनीं परवानगी नाकारली. तेव्हां शस्त्रक्रियेच्या साहित्याची किल्ली जिच्याकडे होती त्या परिचारिकेस त्यानें आपलेंसें केलें. तिनें स्वतःवर प्रयोग करूं देण्याची तयारी दाखविली. त्यानें तिला टेबलावर निजवून हातपाय बांधले, आणि तिला कळूं न देतां स्वतःच्याच डाव्या कोंपराजवळची शीर उघडून तींत मूत्रमार्गांत घालण्याची बारीक नळी सारली! मग तिला सोडवून, तशीच नळी दंडांत घेऊन तो तळघरांतील क्ष-किरणांच्या खोलींत चालत गेला. तेथें पडद्यासमोर आरसा धरून त्यानें नळी आणखी आंत ढकलली. ६५ सेंटिमीटर गेल्यावर तिचें टोंक हृदयाच्या उजव्या बाजूस पोंचल्याचें छायाचित्रांत उमटलें.

हा वृत्तान्त त्याच वर्षीं प्रसिद्ध झाला. परंतु कौतुकाऐवजीं त्याच्या वांट्यास अवहेलनाच आली. बर्लिनच्या शारिटे या प्रख्यात रुग्णालयांतून त्याला जावें लागलें आणि शेवटीं त्यानें मूत्ररोगांचा व्यवसाय पत्करला. त्यानें पुढें नाझी पक्षाची कास धरली, हेंहि इतिहास सांगतांना लपवितां येत नाहीं. नळीचा खरा उपयोग न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयांत आंद्रे कूर्नां व डिकिन्सन रिचर्ड्स यांनीं १९४० नंतर करून दाखविला. हृदयाच्या उजव्या बाजूच्या खोल्यांत नळी नेऊन त्यांनीं तेथील दाब मोजला व रक्ताचे नमुने घेतले. जिवंत मनुष्याच्या हृदयांत छिद्र कोठें आहे व त्यांतून किती रक्त निसटतें याचा हिशेब आतां मांडतां येऊं लागला. १९५६ सालीं या दोघांबरोबर फॉर्समानलाहि नोबेल पारितोषिक मिळालें. तोंपर्यंत नळी ही हृदयांतील हेर होती; कारागीर होण्यास तिला अजून अवकाश होता.

दरम्यान शस्त्रवैद्य पुढें सरसावले. धडधडणारें हृदय उघडावयाचें तर तितका वेळ शरीरास रक्त कोण पुरविणार, हा प्रश्न होता. अमेरिकेंत मिनेसोटा विद्यापीठाचे वॉल्टन लिलेहाय यांनीं त्याचें उत्तर असें काढलें कीं, मुलाच्या हृदयाचें काम तेवढा वेळ त्याच्या बापाच्या हृदयानें करावें! २६ मार्च १९५४ रोजीं मिनिआपोलिस येथें एका वर्षाच्या बालकास व त्याच्या पित्यास शेजारशेजारच्या टेबलांवर निजविण्यांत आलें. दुधासारखे पातळ पदार्थ खेळविण्याच्या कामीं येणाऱ्या जातीच्या एका साध्या पंपानें दोघांच्या रक्तवाहिन्या जोडल्या, आणि बापाचें रक्त मुलाच्या देहांत फिरत असतां लिलेहाय यांनीं मुलाचें हृदय उघडून खालच्या पडद्याचें छिद्र टांके घालून शिवलें. शस्त्रक्रिया साधली, पण अकराव्या दिवशीं तें बालक फुप्फुसाच्या दाहानें दगावलें. टीकाकार म्हणूं लागले कीं, एका शस्त्रक्रियेंत दोन जीव गमावण्याची सोय या गृहस्थानें केली आहे. तरीहि आईबाप आपलीं मुलें आणीत राहिले. पुढील वर्ष-सव्वा वर्षांत अशा पंचेचाळीस शस्त्रक्रिया झाल्या व निम्म्याहून अधिक मुलें बरीं होऊन घरीं गेलीं. रक्त देणारा एकहि मनुष्य मेला नाहीं. एका मातेस मात्र कायमची इजा झाली. नंतर कृत्रिम यंत्रें सुधारलीं आणि बापाला टेबलावर निजण्याची गरज उरली नाहीं.

परंतु या पहिल्या शस्त्रक्रियांनींच एक नवा शत्रु उघडकीस आणला. छिद्र उत्तम शिवलेलें असावें आणि तरी हृदयाचा ठोका एकाएकी मंद होऊन मूल दगावावें, असें घडूं लागलें. याचें कारण शरीरशास्त्रज्ञांनीं पूर्वींच शोधून ठेवलें होतें. ठोक्याचा हुकूम हृदयाच्या वरच्या उजव्या खोलींतून सुटतो व तंतूंच्या एका बारीक जुडग्यांतून खालच्या खोल्यांस पोंचतो. हें जुडगें १८९३ सालीं विल्हेल्म हिस यांनीं वर्णिलें आणि १९०६ सालीं सुनाओ तावारा या जपानी संशोधकानें जर्मनींत राहून त्याचा मार्ग शोधून काढला. दैवाचा खेळ असा कीं, पडद्याच्या वरच्या अंगास जो पातळ पापुद्र्यासारखा भाग आहे, तेथेंच बहुतेक छिद्रें पडतात. आणि तें जुडगें नेमकें त्या छिद्राच्या कांठाकांठानें जातें. टांका एक केसभर चुकला कीं हुकुमाची तार तुटली!

अशा मुलांकरितां लिलेहाय यांनीं हृदयास बारीक तार जोडून विजेच्या धक्क्यांनीं ठोका चालू ठेवण्याची युक्ति योजिली. परंतु तें यंत्र भिंतींतल्या विजेवर चाले. १९५७ च्या ऑक्टोबरअखेर शहराची वीज कांहीं तास गेली, आणि या परावलंबनाचा धोका सर्वांच्या ध्यानांत आला. तेव्हां रुग्णालयाचीं यंत्रें दुरुस्त करणारे अर्ल बाकेन यांनीं चार आठवड्यांत बॅटरीवर चालणारी एक लहानशी पेटी तयार केली. तिची जुळणी त्यांनीं गवयांच्या तालयंत्राच्या एका नकाशावरून घेतली होती. हृदयाचा चुकलेला ताल तालयंत्रानें सांवरावा, हें मोठें नवलच म्हटलें पाहिजे. आज लाखों लोकांच्या छातींत जीं ठोका राखणारीं यंत्रें आहेत, त्यांच्या वंशवृक्षांत ही पेटी येते. आणि तिच्या मुळाशीं हेंच पडद्याचें छिद्र आहे.

आतां नळी कारागीर कशी झाली तें पहा. तिचें पहिलें मोठें काम छिद्र बुजविण्याचें नव्हतें, उलट तें पाडण्याचें होतें! कांहीं अर्भकांच्या मुख्य रक्तवाहिन्या उलटसुलट जोडलेल्या असतात. दोन्ही रक्तें मिसळलीं नाहींत तर तीं जगत नाहींत. १९६६ सालीं फिलाडेल्फियाच्या विल्यम रॅशकिंड यांनीं नळीच्या टोंकाशीं लहानसा फुगा बसवून वरच्या पडद्याची वाट रुंद केली व अशीं मुलें तगविलीं. १९६७ सालीं पूर्व बर्लिनचे वेर्नर पोर्स्टमान यांनीं हृदयाजवळच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांमधील उघडी राहिलेली वाट नळीच्या द्वारें बूच बसवून बंद केल्याचें प्रसिद्ध केलें. हें घडलें शारिटे रुग्णालयांत, जेथून फॉर्समानला जावें लागलें होतें त्याच ठिकाणीं. १९७५ सालीं न्यू ऑर्लिन्स येथें किंग व मिल्स यांनीं दोन लहान छत्र्यांच्या मध्यें वरच्या पडद्याचें छिद्र पकडून बंद केलें.

खालच्या पडद्याची गोष्ट याहून कठीण. तो जाड, सतत आक्रसणारा, झडपांच्या व त्या हुकुमाच्या तारेच्या निकट. शिवाय आंतलें दिसावें कसें? त्याची सोय अगोदरच झाली होती. १९५३ सालीं स्वीडनमधील लुंड येथें इंगे एडलर व हेल्मुथ हर्ट्झ यांनीं जहाजाच्या कारखान्यांत धातूंतील चिरा शोधण्यासाठीं वापरलें जाणारें ध्वनिलहरींचें यंत्र उसनें आणून त्यानें हृदयाच्या हालचाली टिपल्या होत्या. त्या विद्येची वाढ होत होत धडधडणाऱ्या हृदयाचें चालतें चित्रच पडद्यावर दिसूं लागलें. अशा तयारीनिशीं बोस्टनचे जेम्स लॉक व त्यांचे सहकारी यांनीं नळीनें खालच्या पडद्यांतील छिद्रें बंद केल्याचा वृत्तान्त १९८८ सालीं प्रसिद्ध केला. त्यांनीं वापरली ती छत्री रॅशकिंड यांनीं दुसऱ्याच कामाकरितां बनविली होती. त्यांच्या रोग्यांत जन्मतः छिद्र असलेले होते, तसेच हृदयविकाराच्या झटक्यानें भिंत फाटलेले वृद्धहि होते. शस्त्राचा घाव सोसण्याची ताकद ज्यांच्यांत नव्हती असे.

छत्र्यांचे दोष लवकरच दिसले. कडेनें रक्त झिरपत राही. पुढच्या कांहीं छत्र्यांच्या काड्याहि मोडत. यांवर तोडगा निघाला तो एका चमत्कारिक धातूंतून. अमेरिकन नौदलाच्या शस्त्रप्रयोगशाळेंत विल्यम ब्यूलर यांनीं निकेल व टायटॅनियम यांचा एक मिश्रधातु तयार केला होता. तो वांकवून ऊब दिली कीं आपल्या मूळच्या आकारास परत येतो, हें १९६० च्या सुमारास लक्षांत आलें. त्याला निटिनॉल म्हणतात. मूळचे ऑस्ट्रियाचे आणि मिनेसोटा विद्यापीठांत क्ष-किरणशास्त्राचे प्राध्यापक असलेले कुर्ट अॅम्प्लाट्झ यांनीं या धातूच्या केसासारख्या तारा विणून एक लहानसें साधन सिद्ध केलें. लिलेहाय यांनीं जेथें पहिलें छिद्र शिवलें त्याच विद्यापीठाचा हा दुसरा उपकार. हें साधन डमरूच्या आकाराचें आहे: दोन बाजूंस दोन तबकड्या, मध्यें बारीक कंबर, आणि आंत कापडाचे तुकडे. ताणलें कीं तें दोऱ्यासारखें लांब होऊन नळींत शिरतें; नळींतून बाहेर पडलें कीं पुन्हां डमरू.

तें बसविण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. जांघेंतील रोहिणींतून एक बारीक तार वर चढवीत हृदयाच्या खालच्या डाव्या खोलींत नेतात व छिद्रांतून उजव्या बाजूस काढतात. दुसऱ्या एका शिरेंतून लहानसा फास आंत घालून तारेचें तें टोंक पकडतात आणि शिरेवाटे बाहेर आणतात. म्हणजे लेंग्याच्या नेफ्यांतून नाडी ओवावी तशी तार हृदयांतून आरपार ओवली जाते. मग त्या तारेवरून शिरेच्या बाजूनें एक पोकळ नळी छिद्रापलीकडे डावीकडे सारतात. नळींतून डमरू पुढें ढकलला कीं त्याची पहिली तबकडी डाव्या खोलींत उमलते. ती मागें ओढून पडद्यास टेंकवितात. मग नळी मागें घेतांच कंबर छिद्रांत बसते आणि दुसरी तबकडी उजवीकडे उघडते. ध्वनिचित्रांत सर्व कांहीं ठीक दिसलें, झडपा मोकळ्या आहेत व ताल बिघडला नाहीं अशी खात्री झाली, म्हणजे मगच मळसूत्र फिरवून डमरू तारेपासून सुटा करतात. तोंपर्यंत तो परत ओढून घेतां येतो. पुढें कांहीं महिन्यांत शरीर त्यावर आपलें पातळ अस्तर चढवितें. छातीवर घाव नाहीं, टांके नाहींत. पडद्याच्या मांसल भागांतील छिद्रांकरितां हें साधन १९९८ च्या सुमारास मनुष्यांत वापरांत आलें व २००७ सालीं अमेरिकेंत त्यास सरकारी मान्यता मिळाली. हीं मांसल छिद्रें उजव्या बाजूच्या स्नायूंच्या जाळ्यांत, कुंपणांतल्या बिळासारखीं दडलेलीं असल्यानें शस्त्रवैद्यासहि सांपडत नाहींत. तेथें नळीचें श्रेष्ठत्व वादातीत आहे.

येथेंच गोष्ट संपली असती तर ती विजयाची कथा झाली असती. पण खरी परीक्षा पुढें होती. बहुतेक छिद्रें पडतात तीं मांसल भागांत नव्हेत. तीं त्या पातळ पापुद्र्यांत, हुकुमाच्या तारेच्या कांठावर. त्यांच्याकरितां एका बाजूस अरुंद तबकडी असलेलें खास साधन करण्यांत आलें आणि २००२ सालीं झियाद हिजाझी व सहकाऱ्यांनीं त्याच्या पहिल्या वापराचा वृत्तान्त दिला. छिद्रें सुरेख बंद होत. परंतु कांहीं मुलांत, कधीं त्याच दिवशीं तर कधीं महिन्यांनीं, हृदयाचा ठोका मंदावला. १९५४ सालीं लिलेहाय यांच्या टांक्यानें जें केलें तेंच पन्नास वर्षांनंतर धातूची तबकडी दाबून दाबून करीत होती! शस्त्रक्रियेंत हा धोका तोंपर्यंत फारच कमी झाला होता. म्हणून अनेक वैद्यांनीं या जागेपुरती नळी बाजूस ठेविली. पुढें अधिक मऊ, कमी दाबणारीं साधनें निघालीं व निवडक रोग्यांत तीं वापरतात. परंतु लहान अर्भकें, झडपेला लगटून असलेलीं छिद्रें, फार मोठीं छिद्रें, यांकरितां आजहि शस्त्रक्रियाच आहे.

श्रोतेहो, या इतिहासांतून मी काय शिकलों तें सांगतों. छिद्र बुजविणें ही अर्धीच विद्या. कोणतें छिद्र बुजवूं नये, आणि जें बुजवावयाचें तें केव्हां, ही उरलेली अर्धी. रोझे यांनीं सांगितलें कीं, लहान छिद्रास भिऊं नका; त्यांतलीं पुष्कळशीं आपोआप मिटतात. आयझेनमेंगरचा रोगी सांगतो कीं, मोठ्या छिद्राच्या बाबतींत दिवस मोजून काढा. वेळ टळली कीं जगांतील कोणताहि कारागीर कामाचा नाहीं. या दोन वचनांच्या मधली जागा कान आणि अंदाज यांनीं भरून निघत नाहीं. तेथें तपासणीच हवी.

आज ती तपासणी १९८६ इतकी दूर राहिलेली नाहीं. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालीं वैद्यांचीं पथकें अंगणवाड्यांत व शाळांत जातात, आणि जन्मजात हृदयदोष हा त्यांच्या शोधाचा एक विषय आहे. माझी विनंती शिक्षकांस आणि आईबापांस आहे. ज्याच्या छातींत आवाज सांपडला त्यास घाबरून झाडाखालीं बसवूं नका. ध्वनिचित्र काढून घ्या, आणि वैद्य खेळूं द्या म्हणाले तर खेळूं द्या. आणि जें मूल दूध पितांना घामानें भिजतें, वाढत नाहीं, दोन पायऱ्यांवर बसतें, ज्याचे ओठ जांभळे दिसतात, तें तपासणीच्या दिवशीं गैरहजर असेल तर त्याच्या घरीं जा.

माझ्या त्या विद्यार्थ्यास मीं हें सर्व पुढच्या भेटींत सांगितलें. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “गुरुजी, तुम्हीं बसवलें तें मायेनेंच. पण ती आपल्या वर्गांतली पोर आठवते का तुम्हांला?” मीं होय म्हटलें. आम्ही दोघेहि मग बराच वेळ बोललों नाहीं.